डिस्क सापडत नाही

माझ्याविषयी बारामतीत दोन मतं आहेत. एक माझं आणि एक माझ्या बायकोचं. माझं मत असं, की भिगवण चौकापासून इंदापूरच्या वेशीपर्यंत लिनक्स कळणारा माणूस मी एकटाच आहे. सोनमचं म्हणणं, ज्या शर्यतीत दुसरं कुणी पळतच नाही तिच्यात पहिलं येण्यात काय विशेष. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळं तिचं बोलणं थोडकं असतं आणि खोडून काढता येत नाही.

माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. वीस वर्षांत निम्म्या तालुक्याला मी माउस धरायला शिकवलं, म्हणून लहानथोर सगळे मला सर म्हणतात. नाव ज्ञानेश. आता जे सांगणार आहे त्यात मी कुठंही शहाणा ठरत नाही. पण दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

भवानीनगरच्या पुढं कालव्याच्या एका चारीवर, म्हणजे फाट्यावर, पाणी वापर संस्था आहे. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं, की चारीवरच्या तीनशे बारा शेतकऱ्यांपैकी कुणी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती तास दारं धरायचं, म्हणजे पाणी आपल्या रानात वळवून घ्यायचं, हे संस्था ठरवते. त्याला पाळीची यादी म्हणतात. ही यादी तीस वर्षं चारीचं गेट सांभाळणाऱ्या आबाजींच्या वहीत होती. वहीप्रमाणं पाणी चारीच्या मुखापासून सुरू व्हायचं आणि शेपटाकडं पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. मुखाकडं सगळा ऊस. शेपटाकडं पूर्वी मेंढरं राखणाऱ्या आणि आता ज्वारी-कांदा करणाऱ्या लोकांची रानं. त्यांची पाळी यायची ती आवर्तन संपता संपता, आणि बहुतेक वेळा रात्रीची.

दोन वर्षांपूर्वी दिपाली तिथं सचिव झाली. शेपटाकडच्याच बिरदेव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, शेतीची पदवी घेतलेली, वय सत्तावीस. या आवर्तनाला पाणी शेपटापासून सुरू करायचं, असं तिनं मनात घेतलं. आठ दिवस चारीच्या कडेनं पायी फिरून कुणाच्या रानात काय पेरलंय ते तिनं पाहिलं, तास काढले आणि नवी यादी केली. चेअरमन दादासाहेबांचं स्वतःचं रान मुखाकडं, पण माणूस सरळ. ते तिला एवढंच म्हणाले होते, "सभेत यादी ठेव. यादी असली तर यादीपरमानं, न्हाय तर वहीपरमानं."

सभा सोमवारी दुपारी चारला. पाणी मंगळवारी सकाळी सहाला. यादी संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो कॉम्प्युटर मी बसवलेला.

त्यात दोन हार्ड डिस्क होत्या, एक लहान, एक मोठी. साधा माणूस लहानीवर सिस्टीम टाकतो, मोठीवर कागदपत्रं ठेवतो आणि सुखानं घरी जातो. मी दोन्ही मिळून एक केल्या. याला लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात. दोन भावांनी मधला बांध मोडून रान सलग करावं आणि मग त्यात हवे तसे वाफे पाडावेत, असा हा प्रकार. वाफ्याचा एक कोपरा थोरल्याच्या जमिनीत, दुसरा धाकट्याच्या, आणि पिकाला त्याचा पत्ताही नसतो. सोय मोठी. फक्त एक भाऊ उठून गेला, की सगळ्या रानाचं वाटोळं. एका यादीसाठी हे करायची काडीची गरज नव्हती. पण साधं काम केलं असतं तर त्याबद्दल अर्धा तास बोलता आलं नसतं.

"सर, यादीची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवू का?" असं दिपालीनं मला विचारलं होतं. मी हसलो होतो. लॉजिकल व्हॉल्यूम असताना पेनड्राइव्ह म्हणजे ट्रॅक्टर दारात असताना खांद्यावर ओझं वाहणं, असं काहीतरी म्हणालो होतो. चारीवर फिरताना तिनं लिहिलेल्या चिठ्ठ्याही, टाइप झाल्यावर, मीच फाडायला लावल्या. संस्थेनं आता कागदाच्या सवयीतून बाहेर आलं पाहिजे, असं माझं मत पडलं. माझी मतं अशीच पडतात, आणि कुणाच्या तरी पायावर पडतात.

सोमवारी सकाळी नऊला तिचा फोन आला. दसऱ्यापासून बंद असलेलं ऑफिस तिनं नुकतंच उघडलं होतं.

"सर, कॉम्प्युटर सुरू होईना."

"काय म्हणतोय?"

"काळा पडदा हाय. डिस्क सापडत न्हाय, असं इंग्रजीत म्हणतोय. त्याच्याखाली ग्रब रेस्क्यू."

इथं जरा लक्ष द्या. सकाळी नऊ वाजता, पहिल्याच वाक्यात, आपल्याला काय झालंय ते मशीननं स्वतःच सांगून टाकलं होतं. डिस्क सापडत नाही. चौथीतलं पोर असतं तर म्हणालं असतं, मग बघा की कुठं आहे. पण मी चौथीतला नाही, मी तज्ज्ञ आहे. माझ्या कानात फक्त 'ग्रब' हा शब्द शिरला.

ग्रब म्हणजे बूटलोडर. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. बाकीची सिस्टीम कुठं झोपली आहे ते शोधून तिला उठवायचं, एवढंच त्याचं काम. तो बिघडला की आत सगळं असूनही काही चालत नाही. आणि बूटलोडर दुरुस्त करणं हे आमच्यात फार मानाचं समजतात. अशी संधी वर्षानुवर्षं येत नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

"बूटलोडर गेलाय," मी म्हणालो. "कशाला हात लावू नकोस. मी येतो."

"सर, चारला सभा हाय."

"दहा मिनिटांचं काम आहे."

सोनम माझा डबा भरत होती. तिनं घड्याळाकडं बघितलं आणि डब्यात आणखी दोन चपात्या टाकल्या.

काटेवाडीत चहाला थांबलो आणि तिथून दादासाहेबांना फोन लावला. लावायचं काही कारण नव्हतं. पण आपण कामगिरीवर निघालोय हे मोठ्या माणसाच्या कानावर असलेलं बरं, असा माझा विचार.

"कशानं बिघडलं म्हनायचं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलं की असं होतं.

"मॅडमनी नीट बंद केलं नसणार," मी म्हणालो. "काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असणार. तुम्ही काळजी करू नका, मी आहे."

"बरं," दादासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. चहा चांगला होता, म्हणून मी आणखी एक घेतला.

संस्थेचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि भिंतीलगत बाक. बाकावर आबाजी बसले होते. सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, मांडीवर ती जुनी वही. चारीच्या मुखाकडून तिसरं रान त्यांचं. मला वाटलं, म्हातारा मजा बघायला आलाय, आणि येताना वहीही घेऊन आलाय.

"या मास्तर," ते म्हणाले. "म्या म्हनलं, दसऱ्याच्या दिवशी आपुन..."

"आबा, दसरा झाला. आता दिवाळीचं बोला." मी म्हणालो आणि माझ्या विनोदाला मीच हसलो.

बंद पडलेलं मशीन बाहेरून सुरू करता येईल असा एक पेनड्राइव्ह माझ्या गळ्यात कायम असतो. लोक ताईत घालतात, मी तो घालतो. त्यावरून मशीन सुरू केलं आणि दोन्ही डिस्कचं एकत्र रान जागं करायची कमांड दिली. मशीननं चार ओळी छापल्या. पहिल्या ओळीत म्हटलं होतं, की या गटातली एक डिस्क सापडत नाही. दुसरीत, की म्हणून गट अपुरा आहे. तिसरीत, की अशा अवस्थेत मी हे सुरू करणार नाही. चौथी ओळ मी वाचली नाही. तशा पहिल्या तीनही मी वाचल्या नव्हत्या, नुसत्या बघितल्या होत्या.

"सर, ही ओळ बी तेच म्हणतीय," मागून दिपाली म्हणाली. "एक डिस्क न्हाय."

"ग्रबला दिसत नाही, म्हणून तसं म्हणतं."

"पण आता आपण पेनड्राइव्हवरनं चालू केलंय ना? मग यात ग्रब कुठं आला?"

प्रश्न बरोबर होता. इतका बरोबर, की मला तिचा रागच आला.

"दिपाली, जरा चहा सांगतेस का?" मी म्हणालो.

ती चहा सांगायला गेली तेवढ्यात मी बूटलोडर नव्यानं बसवायला घेतला. पहिल्या वेळी चूक दाखवली. दुसऱ्या वेळी वेगळी चूक दाखवली, म्हणजे प्रगती होती. तिसऱ्या वेळी एकही चूक न दाखवता काम झालं. मी टेबलावर थाप मारली, मशीन बंद करून परत सुरू केलं. पुन्हा काळा पडदा. मग माझ्या ध्यानात आलं, की तिसऱ्या वेळचा बूटलोडर मी माझ्याच पेनड्राइव्हवर चढवला होता. आता पेनड्राइव्हही सुरू होईना. सकाळी एक वस्तू बंद होती, साडेअकराला दोन झाल्या.

दुसरा पेनड्राइव्ह तयार करायला लॅपटॉप होता, पण फाइल मोबाइलच्या नेटवर उतरवायची होती, आणि तिथं नेट चारीच्या पाण्यासारखंच, शेपटाला थेंब थेंब. तो तयार व्हायला दीड वाजला. एवढ्या वेळात मी बिघाडाची कारणं सांगत राहिलो. विजेचा दाब. उंदीर. गेल्या महिन्यातलं अपडेट. बनवणाऱ्यांचा निष्काळजीपणा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी त्या दिवशी शेजाऱ्यांचीही अंगणं वाकडी करून टाकली.

दिपालीला फोन येत होते. गोजरबाईंचा तर तीनदा आला. चारीच्या अगदी टोकाला त्यांचं दीड एकर रान. नवरा नाही, आणि रात्रीच्या पाळीला बॅटरी तोंडात धरून त्या दारं धरतात, हे सगळ्यांना ठाऊक. नव्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं, सकाळी सहा ते नऊ.

"व्हय मावशी, चारला सांगते," दिपाली प्रत्येक वेळी म्हणायची. तिसऱ्या फोननंतर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, खरं सांगा. यादी मिळंल का न्हाय? न्हाय मिळाली तर परत आठ दिवस फिरावं लागंल, आन पाणी उद्या हाय. एकदा वहीवर गेलं, की पुढच्या साली बी वहीच. शेपटाकडं मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी "मिळेल" म्हणालो, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

"मास्तर," आबाजी बाकावरून म्हणाले, "ते तांबड्या फडक्यातलं..."

"आबा, फडकं मारून झालंय," मी म्हणालो. "धुळीनं हे होत नाही."

अडीच वाजता इंटरनेटवरच्या एका चर्चेत मला उपाय सापडला. कुण्या परदेशी माणसाला हीच अडचण आली होती आणि दुसऱ्यानं त्याला एका ओळीची कमांड सांगितली होती. गटातली जी डिस्क सापडत नाही ती गटातून कायमची काढून टाका, जबरदस्तीनं. मग उरलेला गट बिनतक्रार सुरू होतो. त्याखाली त्या पहिल्या माणसानं दोन दिवसांनी काही लिहिलं होतं, ते वाचायला माझ्याकडं वेळ नव्हता. मी कमांड टाइप केली.

"ह्यानं काय व्हतं?" दिपालीनं विचारलं.

"सातबाऱ्यावरून बेपत्ता भावाचं नाव कमी करतात ना, तसं. मग बाकीच्यांचा व्यवहार मोकळा होतो."

"आन त्या भावाच्या रानात जे पेरलंय ते?"

"त्यात काही नसणार," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण तीन वाजत आले होते, आणि काहीतरी सुरू झालेलं दिसावं एवढंच मला हवं होतं. बोट एंटरवर ठेवलं.

आबाजी कधी उठले ते कळलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारपणातही पकड गेटचं चाक फिरवणाऱ्याची होती.

"जरा दम धरा. भाऊ घरात असताना नाव कमी करू न्हाई."

त्यांनी माझा हात उचलून टेबलावर बाजूला ठेवला, मग कपाटाकडं गेले आणि खालच्या कप्प्यातून तांब्याचं ताट काढून आणलं. ताटात तांबडं फडकं. फडक्यात चारीच्या गेटची मोठी चावी, आपट्याची वाळलेली पानं, आणि हळदकुंकू लावलेली एक हार्ड डिस्क. मोठी.

आता दसऱ्याचं सांगतो. आमच्याकडं दसऱ्याला हत्यारं पुजतात. कोयते, विळे, ट्रॅक्टर, पंप, आणि आता कॉम्प्युटरही. संस्थेत पूजा होती आणि मी खास पाहुणा होतो. मशीन उघडून आतली धूळ उडवून दिली. दिपालीनं विचारलं, पाटावर कीबोर्ड ठेवायचा का? साधा प्रश्न होता, हो म्हणायचं होतं. पण मी म्हणालो, कीबोर्ड म्हणजे नुसते हातपाय, खरी सरस्वती हार्ड डिस्कमध्ये असते. आणि सगळ्यांसमोर मोठी डिस्क काढून पाटावर, गेटच्या चावीशेजारी ठेवली. त्यावर पंधरा मिनिटं बोललो. ज्ञान कुठं साठतं, ते कसं जपावं, वगैरे. मग शिरा आला. शिरा झाल्यावर मशीनचं झाकण बसवलं, चारही स्क्रू घट्ट आवळले आणि निघून आलो. पूजेतल्या वस्तू दुसऱ्या दिवशी हलवायच्या असतात, म्हणून आबाजींनी शुक्रवारी बंद ऑफिस उघडून पाट उचलला आणि सगळं फडक्यात बांधून कपाटात ठेवलं. त्यांच्या बाजूनं रीत पूर्ण झाली होती.

"सकाळधरनं सांगतोय," आबाजी म्हणाले. "तुमी बोलू द्याल तर."

दिपालीनं डिस्कवरचं हळदकुंकू पुसायला माझ्या हातात टेबलावरचं कोरडं कापड दिलं. मी माफी मागायला पाहिजे होती. मी काय म्हणालो सांगू? "अच्छा, म्हणजे प्रॉब्लेम हार्डवेअरचा होता."

डिस्क जोडायला तीन मिनिटं लागली. त्यानंतरही मशीन सुरू झालं नाही, कारण सकाळी जो बूटलोडर धडधाकट होता तो आता माझ्या पहिल्या दोन उपचारांनी खरोखरच बिघडला होता. तेव्हा ते मानाचं काम अखेर मला करायला मिळालं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, दोन्ही भाऊ हजर असल्यामुळं रान एका हाकेत जागं झालं, बूटलोडर पहिल्याच फटक्यात बसला. माझ्या आयुष्यातलं इतकं स्वच्छ काम मी दुसरं केलेलं नाही, आणि ते बघायला मागं कुणी उभं नव्हतं. दिपाली सभेच्या सतरंज्या घालत होती.

पावणेचारला यादी छापून निघाली. तिनं पानं मोजली, मग नावं मोजली. तीनशे बारा. शेवटच्या पानावर तिनं हात ठेवला. मला वाटलं, आता आभार मानेल. ती म्हणाली, "चला, लोक आलं."

बाहेर मांडवाखाली दीडेकशे माणसं होती. दिपालीनं यादी वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव गोजरबाईंचं ऐकून शेपटाकडच्या बायकांत कुजबुज झाली, आणि मुखाकडचे सावळाराम उठले. पंधरा एकर ऊस, आवाजही तेवढाच मोठा.

"ह्या यादीवर इश्वास कसा ठिवायचा?" ते म्हणाले. "सकाळी मशीन बंद व्हतं. आता चालू झालं. मधल्या टायमात कुनाचं नाव खाली गेलं, कुनाचं वर आलं, कुनाला ठावं? चेअरमनसायबच म्हनलं, म्याडमनी कायतरी चुकीचं दाबलं. मग चुकीचं दाबून निघालेली यादी बरूबर कशी?"

मुखाकडच्या माना हलल्या. दिपालीनं दादासाहेबांकडं बघितलं. "मी काय दाबलं?" तिनं विचारलं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

"मला तसं समजलं व्हतं," दादासाहेब म्हणाले. कुणाकडून ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. फक्त म्हणाले, "यादीत खोट असली तर वहीपरमानं करावं लागंल."

मी मागं खांबाला टेकून उभा होतो. खांब चांगला जाड होता आणि माझ्यापुढं दोन उंच माणसं होती. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. आबाजी बोलले नसते, त्यांना गप्प बसायला दिवसभर मीच शिकवलं होतं. आणि उद्या सकाळी सहाला पाणी मुखापासून सुरू झालं असतं, माझ्या दोन कप चहाबरोबर बोललेल्या एका वाक्यामुळं. मला लाज वाटली. एरवी मला लाज वाटते ती लोकांनी बघितल्यावर. ही आधीच वाटली.

"त्यांनी काही दाबलं नाही," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुढं जाऊन परत म्हणालो. मग सगळं सांगितलं. पूजा, पाट, सरस्वती, पंधरा मिनिटांचं भाषण, चार स्क्रू. काटेवाडीचा चहा आणि त्यावरचा फोन. पेनड्राइव्ह. शेवटी ती कमांडही सांगितली, जिच्यामुळं यादी कायमची गेली असती. यादी ज्या डिस्कवर होती ती दसऱ्यापासून आबांच्या फडक्यात बांधून कपाटात होती, त्यामुळं तिच्यात कुणालाही एक अक्षर बदलता येणं शक्य नव्हतं, हेही सांगितलं. ते सांगताना मला बरं वाटलं, कारण दिवसभरात मी बोललेलं पहिलं बरोबर वाक्य ते होतं.

मग मागं एक बाई हसली. तिच्या शेजारची हसली. सावळाराम हसू दाबत होते, त्यांनाही जमलं नाही. दोन मिनिटं मांडवात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी मध्ये उभा होतो. वर्गात मुलं हसायला लागली की मी डस्टर आपटतो, इथं माझ्या हातात काही नव्हतं.

"काखेत कळसा आन गावाला वळसा," दादासाहेब म्हणाले आणि डोळे पुसले. "कळसा बी देवापाशी ठिवलेला. आबा, हे खरं का?"

"खरं हाय," आबाजी म्हणाले. "फडकं माजंच हाय. मदी कुनी उघडलं न्हाय."

"मग सावळाराम, अजून काय?"

सावळारामांनी हात हलवला आणि खाली बसले. "यादी हाय," दादासाहेब म्हणाले. "यादीपरमानं." गोजरबाई लगेच उठल्या आणि घरी निघाल्या. सकाळी सहाला दारं धरायचं तर रानातला पाण्याचा पाट साफ करायचा होता.

लोक पांगल्यावर मी माझं सामान गोळा करायला ऑफिसात गेलो. आबाजी बाकावर बसून नवी यादी वहीत उतरवत होते. ते दिपालीनंच त्यांना सांगितलं होतं. "आबा, मशीनमधी एक, तुमच्याकडं एक," एवढंच ती म्हणाली होती. म्हातारा पहिल्या पानावर, गोजरबाईंच्या नावाशी, ओळ सरळ यावी म्हणून पट्टी धरून बसला होता.

दिपाली मशीनसमोर बसली होती. मी शेजारी उभा राहिलो. माफी मागितली. ती "व्हय सर" म्हणाली. मग म्हणाली, "मुख्य पासवर्ड बदलायचाय."

"हो, हो. थांब, मी जुना टाकतो. तुला तो—"

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "तुमी टाइप करताना तोंडानं म्हणता. पहिल्या आठवड्यातच कळला."

दोन वर्षं मी या पासवर्डासाठी बारामतीहून येत होतो. प्रिंटर जोडायचा, सर. तारीख चुकतीय, सर. मी यायचो, चहा व्हायचा, लोक नमस्कार करायचे. पासवर्ड मी कुणाला दिला नव्हता. सुरक्षेसाठी, असं सांगायचो. खरं कारण एवढंच, की तो दिला असता तर मला कुणी बोलावलं नसतं.

"मग मला कशाला बोलवत होतीस?"

"तुमी म्हणाला होता, हात लावू नकोस."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून ते जास्त लागलं. तिनं कीबोर्ड स्वतःकडं ओढून घेतला, जुना पासवर्ड टाकला, तो पहिल्याच झटक्यात चालला. मग तिनं माझ्याकडं वळून बघितलं.

"सर, जरा तिकडं बघा."

मी तिकडं बघितलं. भिंत होती. तिनं नवा पासवर्ड दोनदा टाइप केला, तोंडातून एक अक्षर न काढता.